डोव्हरची सामुद्रधुनी आणि मुकी घंटा

डोव्हरच्या शुभ्र खडूच्या कड्यांवर आम्ही उभे राहिलो, तेव्हा जहाजांची अखंड रांग दृष्टीस पडली. पाण्याखालचा ‘वार्न’ नामक वाळूचा दांडा मात्र दिसेना. १८ सप्टेंबर २०१३ रोजी वनस्पती तेल घेऊन रॉटरडॅमहून ब्रिंडिसीस निघालेले ‘ओव्हिट’ जहाज याच दांड्यावर रुतले. कागदी नकाशाच्या जागी आलेल्या विद्युत्-नकाशावर मार्गच दांड्यावरून आखला होता, आणि यंत्राची धोक्याची घंटा मुकी होती. सुदैवाने तीन तासांच्या आत भरतीने जहाज तरंगले. कोणास इजा झाली नाही. परंतु नौकानयनातील या गंभीर उणिवा आधीच्या तपासण्यांत उघडकीस आल्या नव्हत्या! म्हणून बंदरातील तपासनिसाने केवळ दाखले पाहून परतू नये. अधिकाऱ्याकडून यंत्र चालवून घ्यावे व घंटा स्वतःच्या कानांनी ऐकावी, असे आम्हांस वाटते.