हिवरे बाजार : एका गावाचा जमाखर्च

पुण्याहून शिर्डी, शनिशिंगणापूर अथवा नेवासे येथे जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट बहुधा नगर शहरावरून जाते. या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर असे झाले आहे. तथापि जुन्या मंडळींच्या तोंडी अद्यापि नगर हेच नाव आहे, व सवयीने आम्हीही येथे तेच वापरीत आहोत. ज्ञानेश्वरी जेथे १२९० साली सिद्ध झाली ते नेवासे, किंवा १९४२ च्या चळवळीत पंडित नेहरू प्रभृती पुढाऱ्यांना जेथे स्थानबद्ध केले होते तो नगरचा भुईकोट किल्ला, ही स्थळे कित्येक वाचकांच्या पाहण्यात असतील. परंतु नगराच्या पश्चिमेस सोळा-सतरा किलोमीटरांवर हिवरे बाजार नावाचे जे खेडे आहे, तिकडे वाट वाकडी करून जाणारे कुटुंबवत्सल प्रवासी थोडेच. या गावात मनुष्यास स्वतःच्या शेतातही बागायतीसाठी कूपनलिका खणता येत नाही, उसाचे पीक घेता येत नाही, व आपली जमीन परगावच्या माणसास विकता येत नाही, असे आमच्या कानी आले होते. स्वतःच्या मालकीच्या भूमीवर इतकी बंधने लोक खुशीने कशी सोसतात, हे पाहण्याच्या हेतूने गेल्या मार्गशीर्षात आम्ही तेथे गेलो.

नगर जिल्हा म्हणजे विषमतेचा नमुनाच होय. पश्चिमेस अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूस सह्याद्री कित्येक हजार मिलिमीटर पाऊस अडवून घेतो. तोच मेघ पूर्वेकडे सरकून नगर-पारनेरच्या माळांवर येईतो रिता झालेला असतो. हिवरे बाजाराच्या वाट्यास वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येतो, तोही भरवशाचा नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागास भंडारदऱ्याच्या धरणाचे व गोदावरीच्या कालव्यांचे पाणी मिळाले. तेथे ऊस वाढला व प्रवरेकाठी लोणी येथे सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. दक्षिणेच्या बऱ्याच भागास मात्र ना मोठी नदी, ना कालवा. एकाच जिल्ह्यात एकीकडे उसाचे मळे आणि दुसरीकडे टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची रांग, असे चित्र महाराष्ट्राने वर्षानुवर्षे पाहिले आहे.

जमिनीची मोजणी व तीवरील निर्बंध या प्रांतास नवे आहेत असे मात्र नाही. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर याने जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून धारा ठरविण्याची पद्धत घातली, हे इतिहासप्रसिद्ध आहे. याच मलिक अंबराने १६२४ साली नगराजवळच्या भातवडी येथे तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले होते. पुढे इंग्रजी अमलात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ पासून इंदापूर तालुक्यापासून आरंभ करून पाहणी चालविली, आणि शेताशेतास क्रमांक व आकार लागला. परंतु या साऱ्या मोजण्यांचा मुख्य हेतू सरकारी वसूल हाच होता. ही जमीन किती देऊ शकेल हे विचारले गेले. तिला काय झेपेल व तिच्याकडून काय घेऊ नये, हा प्रश्न दप्तरात आला नाही. तो प्रश्न हिवरे बाजाराने गावच्या पारावर विचारला, म्हणून या खेड्याची कहाणी सांगण्याजोगी आहे.

१९७२ च्या दुष्काळाने या गावाचा कणा मोडला. डोंगरावरील झाडी सरपणासाठी तुटलेली, माती पावसाबरोबर वाहून गेलेली, विहिरी कोरड्या. अशा स्थितीत कुटुंबामागून कुटुंब मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांत दारू व मारामाऱ्या माजल्या. सरकारी नोकरास येथील बदली म्हणजे शिक्षा वाटे. १९८९ साली गावातील उच्चशिक्षित तरुण श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांनी शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा कित्ता पुढे ठेवला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान ही पंचसूत्री गावाने पत्करली. रोजगार हमीच्या कामांतून व श्रमदानातून डोंगर-उतारांवर सलग समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, वनखात्याच्या जमिनीवर झाडे लावून ती राखली. १९९४ पासून राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेचेही साहाय्य मिळाले.

आम्ही गावाच्या वरच्या अंगास चढून गेलो, तेव्हा हे चर प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. उतारास आडवे, एकाच पातळीत धावणारे हे खंदक आता गवताने अर्धेअधिक झाकले आहेत. पावसाचे पाणी त्यांत थबकते, मुरते, व त्याच्याबरोबर येणारी माती तेथेच बसते. कुरणात गुरे सोडावयाची नाहीत. गवत हवे असेल त्याने ठरलेली पट्टी भरून विळ्याने कापून न्यावे, असा नियम. जनावर मोकळे सोडले की ते कोवळा अंकुरही खुडते आणि खुरांनी माती सुटी करते. विळा वरचे तेवढे घेतो व मूळ शाबूत ठेवतो. एवढ्या साध्या भेदाने जो डोंगर उघडा पडला होता तो वैरणीचे कोठार झाला. वैरण आली म्हणून दुभती जनावरे आली. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत गावात दिवसास सुमारे १५० लिटर दूध निघे, ते पुढे ४,००० लिटरांपर्यंत गेल्याचे नमूद आहे.

परंतु चर व बांध तर अन्य कित्येक गावांतही खणले गेले, आणि तेथील विहिरी चैत्रात पुन्हा कोरड्या पडल्या. हिवरे बाजाराचे वेगळेपण पाणी अडविल्यानंतरच्या वागणुकीत आहे. ते समजण्यास थोडे भूगर्भाकडे पाहिले पाहिजे. दख्खनचे पठार काळ्या पाषाणाचे आहे. वरती मातीचा थर, त्याखाली मुरूम व फुटका खडक, आणि त्याखाली घट्ट कातळ. पावसाचे मुरलेले पाणी प्रामुख्याने या मुरमाच्या व फुटक्या खडकाच्या थरात साठते. साधी विहीर या थरातून पाणी घेते; ते वर्षास भरते व वर्षास सरते. कूपनलिका मात्र शेकडो फूट खाली जाऊन कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षे साठलेले पाणी उपसते, आणि पुष्कळदा वरच्या थरातील पाणीही खाली ओढून नेते. एकाने कूपनलिका घेतली की शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारीही कर्ज काढून अधिक खोल जातो. या चढाओढीत अखेर जिंकतो तो पाणी उपसणारा नव्हे, कर्ज देणारा होय. शेताचा बांध जमिनीवर असतो, जमिनीखालच्या पाण्याला बांध नाही. म्हणूनच बागायतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, हा या गावाच्या नियमांतील मध्यवर्ती नियम आहे.

उसाच्या बंदीचे कारणही असेच हिशेबाचे आहे. उसास वर्षास सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते. जेथे पाऊसच ४०० मिलिमीटर, तेथे एक एकर ऊस म्हणजे पाच एकरांवरचा सगळा पाऊस एकट्याने पिऊन टाकणे. त्या पाच एकरांत शेजाऱ्याची ज्वारी असते, आणि गावातील लेकीसुनांच्या घागरीही असतात.

आमच्या भगिनीवर्गास या गावची आणखी एक रीत विशेष आवडेल. ज्याप्रमाणे गृहिणी पहिल्या तारखेस हाती आलेल्या पैशांची वाटणी करते, त्याप्रमाणे हे गाव पावसाळा सरल्यावर पाण्याचा ताळेबंद मांडते. गावचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. तेव्हा ४०० मिलिमीटर पावसाचे एकंदर पाणी सुमारे ३९० कोटी लिटर होते. त्यातील पुष्कळसे उन्हाने उडून जाते, काही ओढ्यातून वाहते, काही मुरते. जे हाती राहील त्यात पहिला वाटा माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याचा, मग शेतीचा, आणि काही अंश पुढील वर्षाची शिल्लक म्हणून जमिनीतच ठेवावयाचा. पाऊस उणा झाला तर ग्रामसभेत तसे स्पष्ट सांगण्यात येते, आणि रब्बीस गव्हाचे क्षेत्र आखडून ज्वारी-हरभरा यांसारखी थोड्या पाण्याची पिके घेतली जातात. आकडे सर्वांसमोर मांडलेले असतात. त्यामुळे, मला कमी व त्याला अधिक का, या भांडणास फारशी जागा उरत नाही.

या शिस्तीचे फळ नोंदले गेले आहे. १९९५ साली गावात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे १६८ होती. २०१० पर्यंत ती तीनवर आली. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. आम्ही गेलो तेव्हा कांद्याच्या वाफ्यांना पाणी चालले होते, आणि विहिरीत डोकावता पाणी हाताच्या अंतरावर नसले तरी डोळ्यांच्या टप्प्यात खासच होते.

असे असले तरी आमचे मन सर्वस्वी निःशंक झाले असे आम्ही म्हणणार नाही. पहिली शंका गरिबांची. चराईबंदीचा भार ज्याला जमीन आहे त्याच्यावर बेताचा पडतो. ज्याचा संसार चार शेळ्यांवर चालतो त्याला मोकळे रान बंद होणे म्हणजे चूल विझणे. नियम सर्वांस सारखा असला तरी त्याची झळ सारखी नसते. जे गाव असा निर्बंध घालू इच्छील त्याने भूमिहीनांच्या मजुरीची व वैरणीची सोय आधी लावली पाहिजे. हिवरे बाजारात चरांच्या कामाने मजुरी दिली व कुरणाने कापणीचे गवत दिले, म्हणून ती वाट निभावली. दुसरी शंका कायद्याची. परगावच्या माणसास जमीन न विकण्याचा ठराव हा गावाचा आपसांतील करार आहे. तो न्यायालयात कितपत टिकेल हा प्रश्न निराळाच. तो आजवर टिकला आहे तो गावाच्या शब्दावर. तिसरी शंका माणसाची. एकाच पुढाऱ्याच्या हाती तीन दशके गाव राहिल्यावर, त्याच्यामागे काय, हे कोणीही विचारील. श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आणि त्यानंतर लगेच, जानेवारी २०२१ मध्ये, अनेक वर्षांची बिनविरोध निवडीची परंपरा मोडून गावात मतदान झाले. कौल त्यांच्याच बाजूस पडला. आम्हांस तर हे मतदान झाले हे बरेच वाटले. ज्या शिस्तीला मतपेटीतून पुन्हा एकदा संमती मिळते, ती एका व्यक्तीवर विसंबून राहण्याचे भय थोडे कमी होते.

केवळ सरकारी कायद्याने हे कार्य होईल काय? महाराष्ट्रात भूजलाविषयी १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी कायदा झाला. त्यानंतर २००९ चा अधिक विस्तृत अधिनियम २०१४ पासून अमलात आला, व त्यात ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. कायदा हवाच, परंतु रात्री शेतात आलेले खोदाईचे यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अंमलदारास दिसत नाही, शेजाऱ्यास दिसते. त्या शेजाऱ्याला बोलण्याचा अधिकार आणि बोलल्यावर गावाचा पाठिंबा असला तरच नियमाला जीव येतो. हिवरे बाजारात आम्हांस जे दिसले ते हेच.

आता हा सारा विचार शहरातील वाचकांनी कशासाठी करावयाचा, असे कोणी म्हणेल. १९५७ च्या कृषकदिनानंतर आपल्यापैकी अनेक घरांची शेती कुळांकडे गेली, व जमिनीशी आपले नाते सातबाऱ्यावरच्या एखाद्या उरल्यासुरल्या नावापुरते राहिले. तरीही गावाकडील एखादा तुकडा अद्याप पुष्कळांच्या नावे आहे, आणि तो बिगरशेती करून बंगल्यांच्या योजनेसाठी द्यावा काय, हा प्रश्न दिवाळीच्या सुटीत भावाभावांत निघतो. त्या वेळी भावाबरोबर आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी : तेथे उभ्या राहणाऱ्या घरांना पाणी कोठून येणार, आणि खालच्या अंगास कोणाची विहीर आहे? पुण्या-मुंबईकडे आपण ज्या सदनिकांत राहतो तेथेही अंगणात कूपनलिका असते व वैशाखात टँकर येतो. गच्चीवर किती पाऊस पडला, जमिनीत किती सोडला व किती उपसला, याचा वार्षिक हिशेब संस्थेच्या सर्वसाधारण सभेत जमाखर्चाच्या कागदाबरोबर मांडण्यास कोणाची हरकत असू नये. त्यास ना सरकारी परवानगी लागते, ना मोठा खर्च.

ज्यांना हे गाव पाहावयाचे असेल त्यांनी दसऱ्यानंतर व संक्रांतीपूर्वी जावे. तेव्हा कुरणातील गवत व रब्बीची पिके दोन्ही दिसतात. सोबत मुलांना अवश्य न्यावे. आणि जमल्यास तीच मंडळी पुढे उन्हाळ्यात एकवार न्यावी, म्हणजे शिल्लक कशाला म्हणतात हे त्यांना पुस्तकावाचून कळेल.