शेडा, मारवेल, कुसळी

सरोजिनी नगरची वसाहत, जिला पूर्वी विनय नगर म्हणत, ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची. तेथे वाढलेल्या त्या मराठी मुलाला गवत ठाऊक होते ते घरांच्या दोन ओळींमधील हिरवळीपुरते. सांगोल्याकडील वडिलोपार्जित माळाचा घरात क्वचित उल्लेख होई, तोही ‘पडीक’ या एकाच शब्दाने. ऐंशीच्या दशकात त्याने कुरणविज्ञानाचा अभ्यास पत्करला, तेव्हा मुलगा शिकूनसवरून माळी होणार, अशी शेजाऱ्यांची समजूत झाली.

या विद्येचे कूळ अमेरिकेच्या पश्चिम भागातले. आर्थर सॅम्पसन यांचे पाठ्यपुस्तक 1923 चे. त्यामागे क्लेमेंट्स यांचा अनुक्रमणाचा सिद्धान्त. चराई वाढली की वनस्पतिसमाज पायरीपायरीने खाली उतरतो, ती आवरली की पुन्हा वर चढतो, अशी ही मांडणी. आपल्याकडे दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या 1973 मधील ग्रंथाने भारताच्या तृणावरणाचे पाच प्रमुख प्रकार ठरविले. दख्खनचा माळ त्यांपैकी ‘सेहिमा-डायकँथियम’ या प्रकारात मोडतो. ही जोडनावे त्याने मुखोद्गत केली. शेडा आणि मारवेल म्हणतात ती हीच गवते, हे मात्र त्याला विद्यापीठात कोणी सांगितले नाही. मराठी मुलाने मराठी माळ लॅटिनमधून ओळखावा, यात विद्यापीठाला काही विपरीत वाटत नव्हते.

ते त्याला सांगोल्याच्या माळावर एका वृद्ध धनगराने सांगितले. चौरस मीटरची चौकट टाकून तो रोपे मोजीत बसला होता. शेडा गेला की कुसळी माजते, हे म्हाताऱ्याला माहीत होते. पाठ्यपुस्तकातील अवनतीची पायरी हीच. परंतु म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट जोडली: कुसळी कोवळी असताना मेंढरांनी चरून घ्यावी, कुसळे धरल्यावर ती लोकरीत शिरतात, कातडीत रुततात. पुस्तक हेक्टरी किती मेंढ्या ते सांगत होते, म्हातारा कधी ते सांगत होता. पाऊसच जेथे एका वर्षी येतो आणि पुढच्या वर्षी पाठ फिरवतो, तेथे हेक्टरी आकड्याला कितीसा अर्थ उरणार? वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेअर यांनी अशा प्रदेशांसाठी पायऱ्यांऐवजी अवस्था व संक्रमणे यांची मांडणी केली ती 1989 मध्ये. त्याच वर्षी सोन्थायमर यांचा धनगरांच्या दैवतांविषयीचा जर्मन ग्रंथ अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी अनुवादाने सर्वांना खुला झाला. त्याच्या अभ्यासक्रमात अर्थातच तो नव्हता. बिरोबाचा गवताशी काय संबंध!

खरा झगडा ‘पडीक’ या शब्दाशी होता. नांगर लागत नाही ती जमीन वाया, ही इंग्रजी महसुलाची दृष्टी. 1985 मध्ये पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, तेही मुख्यतः झाडे लावण्यासाठी. माळढोकासारख्या पक्ष्याला मोकळा माळच लागतो, त्याला ही वृक्षभक्ती मानवत नाही. पुढे 2018 मध्ये सरोजिनी नगरच्या पुनर्विकासात झाडे तोडण्याविरुद्ध लोक उभे राहिले, तेव्हा तोही त्यांच्यात होता. सोलापूरकडे झाडे लावण्याला विरोध आणि दिल्लीत तोडण्याला, ही विसंगती मित्रांना गमतीची वाटली. त्याला ती विसंगतीच वाटत नव्हती.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले. त्याच्या जुन्या वहीत लॅटिन नावांसमोरील मराठी रकाना अजून पुरता भरलेला नाही. विचारायचे ज्यांना, ते वाडे मेंढरांसह फिरतीवर असतात.