आधी पिशवी, मग हिरडी

साखऱ्याहून सेनगावला, नाहीतर हिंगोलीला दाताच्या दवाखान्यात आलेला माणूस सहसा एवढंच म्हणतो, "हिरड्या वाढल्यात डॉक्टर, कापून टाका." जाणता दंतवैद्य मात्र तोंड उघडायला सांगण्याआधी त्याची पिशवी बघायला मागतो. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची अर्धी पट्टी, आरोग्य केंद्राची चिठ्ठी... निदानाचा धागा पुष्कळदा तिथंच सापडतो.

कारण काही गोळ्यांनीच हिरड्या वाढतात. फिटची फेनिटॉइन ही अशा गोळ्यांतली सर्वांत जुनी. १९३८ मध्ये ती वापरात आली आणि १९३९ मध्येच किंबॉल या डॉक्टरांनी वाढलेल्या हिरड्यांची नोंद केली. ती घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना हा त्रास होतो. पुढच्या दोन दातांमधली हिरडी मण्यासारखी फुगते. घट्ट, गुलाबी, न दुखणारी. रक्तदाबाची ॲम्लोडिपिनही क्वचित हेच करते, आणि मूत्रपिंड बदललेल्यांची सायक्लोस्पोरिनही.

हे रुग्णाला सांगताना मात्र शब्द जपावे लागतात. 'गोळीमुळं झालं' एवढंच ऐकून कुणी घरी जाऊन फिटची गोळी एकदम बंद केली, तर झटक्यांवर झटके येऊन जीव जाऊ शकतो. गोळी बदलायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. दंतवैद्यानं त्यांना चिठ्ठी लिहायची, कीटण काढायचं, ब्रश कसा फिरवायचा ते हात धरून शिकवायचं. एवढ्यानंही सूज बरीच ओसरते. काही महिने वाट पाहून जी वाढ उरते, ती कापायची.

दर वेळी कारण गोळीच असते असं नाही. गरोदरपणातली हिरड्यांची सूज बहुधा बाळंतपणानंतर उतरते.

पण कधी तरुण पोरगा येतो. हिरड्या पंधरवड्यातच फुगलेल्या, जांभळट, लिबलिबीत. बोट लावलं की रक्त. चेहरा पांढराफटक, ताप हटत नाही, पायांवर बारीक लाल ठिपके. इथं कात्री उचलणं म्हणजे घात. रक्ताच्या काही कर्करोगांत, विशेषतः ॲक्युट मायलॉइड ल्युकेमियाच्या मोनोसाइटिक प्रकारात, रोगट पेशी हिरडीत साचतात. प्लेटलेट कमी झालेल्या असतात, त्यामुळं जखमेचं रक्त थांबत नाही. रक्तपेशी मोजणारी साधी सीबीसी तपासणी त्याच दिवशी करायला हवी, उद्यावर टाकायची नाही. शंका पक्की झाली तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरायची. केमोथेरपी लागू पडली, की याच हिरड्या ब्लेड न लावता खाली बसतात.

सोबत आलेल्या बापाला हे सारं एका दमात कळत नाही. म्हणून दंतवैद्य त्याला खुर्ची देतो, पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहितो : रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत कुणीही दात काढू नये.