मागून आणलेली बाग

आमच्या लातूरच्या घरापुढे विकत आणलेली झाडं अगदी मोजकी आहेत, आणि लाड त्यांचेच जास्त करावे लागतात. बाकीची बाग मागून आणलेली. कुणाच्याही फाटकाशी थांबून "तुमच्या जास्वंदीची एक काडी द्या की" असं म्हणायला मला कधी संकोच वाटला नाही. शाळेतल्या एका बाईंनी डब्याच्या पिशवीतून गवती चहाचं ठोंब आणून दिलं. भजनी मंडळातल्या काकूंनी पानफुटीचं एक पान हातावर ठेवलं. गंजगोलाईत हार विकणाऱ्या मावशींनी आपल्या शेतातले शेवंतीचे फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून दिले. मनीप्लांट चोरून आणला तरच वाढतो असं म्हणतात, म्हणून तो मी शेजारणीला सांगून चोरला. तिनं तेवढा वेळ पाठ फिरवून उभं राहायचं कबूल केलं होतं.

मागून आणलेलं झाड जगवायला पैसे लागत नाहीत, पण वेळ साधावी लागते. रोहिणीत कितीही हौस आली तरी मी हात आवरते, कारण आमच्याकडे तेव्हा हवेत ओल नसते आणि काडी मुळं फुटायच्या आतच वाळते. मृगाचा पाऊस होऊन आर्द्रा लागल्या की कामाला लागायचं. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून, वीतभर काडी घ्यायची. खालचा काप पेराच्या किंचित खाली आणि तिरका मारायचा, कारण मुळं बहुतेक पेरापासूनच फुटतात. वरची दोन पानं ठेवायची, तीही निम्मी कापायची. चाफ्याचं तंत्र उलटं. त्याची फांदी तोडली की चीक गळतो, म्हणून ती आठवडाभर सावलीत सुकू द्यायची आणि मगच लावायची. लगेच लावली तर खालून कुजते.

खरी अडचण आमच्या मातीची. ही काळी माती कापसाला चांगली, कुंडीतल्या काडीला नाही. पावसात ती चिकट होऊन पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडून मुळं तोडते. त्यामुळे माझ्याकडे काड्या आधी वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात बसतात. मुळं धरली की मगच त्यांना काळ्या मातीची ओळख करून द्यायची, तीही खत घालून भुसभुशीत केलेल्या.

या सगळ्या देवघेवीत माझी कायमची भागीदार म्हणजे नांदेडची मैत्रीण. आम्ही लातूरला दयानंद महाविद्यालयात एकत्र शिकलो. लग्नानंतर ती जुन्या नांदेडात, आड असलेल्या वाड्यात राहायला गेली. नांदेडचं ऊन लातूरपेक्षा कडक, पण तिथं पाऊसही जास्त आणि आडाला पाणी. मी गेले की पिशवीत चार काड्या असणारच, आणि ती आली की चार घेऊन जाणारच. बटमोगरा तिला मीच दिला. मला तो आम्ही भाड्यानं राहायचो तिथल्या घरमालकीणबाईंनी दिला होता. ब्रह्मकमळ तिच्याकडून माझ्याकडे आलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंड्यांमधलं हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, आणि त्याचं पान दिसतं ते खरं तर चपटं खोड. म्हणून तर ते मातीत खोचलं तरी रुजतं. चाफाही तिकडचाच, सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. एवढ्या लांबून या झाडांना आणणारंही कुणीतरी असणार.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे आली. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, फेरीला २५ लाख लिटर. आमचं बोअर त्याआधीच आटलं होतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तुळशीला जायचं. भांड्याचं पाणी साबणाचं, ते कुंडीला चालत नाही. ते संडासात ओतण्यासाठी साठवायचं. टँकरपुढे घागरींची रांग लागलेली असताना मोगऱ्याला तांब्याभर चांगलं पाणी घालणं मनाला पटेना, आणि मी ते बंद केलं.

बाग एका दिवसात गेली नाही. आधी अळू आणि पुदिना बसले. मग गवती चहा पिवळा पडून पेंढ्यासारखा झाला. जाई गेली, मोगऱ्याची पानं चुरचुरीत झाली. जास्वंद मे महिन्यापर्यंत तग धरून होती. तिची काडी नखानं खरवडली की आत हिरवं दिसायचं. एक दिवस ते दिसेनासं झालं. तगली ती खोडा-पानात ओल साठवणारी झाडं. कोरफड सुरकुतली, पण जिवंत राहिली. चाफा सगळी पानं टाकून नुसता उभा होता. गुळवेल वाळकी दोरी दिसत होती, तरी मेलेली नव्हती.

मैत्रिणीचा फोन यायचा. टंचाई नांदेडलाही होतीच, पण तिच्या आडाच्या तळाशी पाणी होतं. "काय करूलालीस गं, झाडापाशी बसून रडूलालीस काय?" असं म्हणून ती मला हसवायची आणि मग म्हणायची, "सगळं हाय माझ्यापाशी. पाऊस पडू दे, मग ये."

सप्टेंबरच्या शेवटी जोरदार पाऊस झाला, मांजरा भरलं, आणि दिवाळीनंतर मी नांदेडला गेले. तिनं तयारी करून ठेवली होती. मोगऱ्याची जमिनीलगतची फांदी वाकवून, सालीला थोडी जखम करून मातीत दाबली होती आणि वर दगड ठेवला होता. याला दाब कलम म्हणतात. फांदी आईच्या अंगावर असतानाच मुळं धरते, म्हणून दगावण्याची भीती कमी. जास्वंद, जाई, गवती चहा असं सगळं तिनं केळीच्या ओल्या सोपटात बांधून दिलं. अर्धापूरच्या बागा जवळ असल्यानं नांदेडला सोपटाला तोटा नाही.

परतीच्या एसटीत हे गाठोडं मांडीवर होतं. लोह्याला माझ्या शेजारी एक बाई बसल्या. माळेगाव मागे पडेपर्यंत त्या गाठोड्याकडे नुसत्या बघत होत्या, मग म्हणाल्या, "कोणच्या रंगाची जास्वंद हाय माय?" अहमदपूरला उतरताना त्यांच्या हातात दोन काड्या होत्या.

बीपासून आलेलं रोप हे त्या झाडाचं लेकरू. गुलबक्षीचं बी लावलं तर फुलाचा रंग बदलूही शकतो. काडीपासून वाढतं ते मात्र तेच झाड, दुसऱ्या जागी वाढत असलेलं. केळीचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. खाण्याच्या केळीला रुजणारं बी नसतंच, आणि मुनवे एकमेकांना देऊन बागा उभ्या राहिल्या. म्हणून नांदेडहून माझ्याकडे परत आला तो माझ्या मोगऱ्यासारखा दुसरा मोगरा नव्हता, माझाच मोगरा होता. तो मी हौसेनं देऊन टाकला होता. सांभाळ म्हणून ठेवायला दिला असता तर तिला त्याचं ओझं वाटलं असतं. देऊन टाकल्यामुळे तो तिचा झाला, आणि तिचा झाल्यामुळे तिनं तो जगवला.

याला दुसरी बाजू आहे. तेच झाड येतं तसे त्याचे भोगही येतात. त्या जास्वंदीबरोबर पिठ्या ढेकूणही लातूरला आला आणि मी महिनाभर निंबोळी अर्क फवारत बसले. आता नवीन काडी आली की पंधरा दिवस ती वेगळी ठेवते. आणि सगळीच झाडं अशी वाटता येत नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा पिवळा गुलाब त्याच उन्हाळ्यात गेला. फांदी दिली की बहर जातो असं ते म्हणायचे. पण दिली असती तरी तो कुणाकडे तगला असता याची खात्री नाही. तसले कलमी गुलाब नुसत्या काडीवर क्वचितच नीट वाढतात, त्यांचा डोळा रानगुलाबावर भरावा लागतो आणि तो हात सगळ्यांना नसतो.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. नवं झाड घरात रुळलं की त्याचा पहिला फुटवा मी बाहेर देते, फूल येण्याची वाट बघत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे देत नाही, दुधाच्या पिशव्यांत लावलेली रोपं देते. देताना घराघरांत फरकही करते. एकाच गल्लीत दहा रोपं दिली तर पाणी दहाही घरांचं एकदमच जातं. म्हणून काही औशाला जातात, काही उदगीरला.

मध्यंतरी नांदेडच्या वाड्याचं बांधकाम निघालं. आड बुजला, अंगणात फरशी आली आणि मैत्रिणीचा मोगरा गेला. या वेळी फोन मी केला आणि तिचंच वाक्य तिला ऐकवलं. आता तिच्या गच्चीवरच्या कुंडीत तो पुन्हा फुलतो आहे, आणि घरमालकीणबाईंच्या सुनेकडेही मी तो पोचवला आहे. त्याचा वास घेऊन कुणी विचारलं की हा मोगरा कुणाचा, तर मैत्रीण माझं नाव सांगते, मी तिचं सांगते, आणि ती सून म्हणते, "लातूरच्या बाईंनी दिला, आमच्याकडं कधी नव्हताच."