फॉर्म ७००

लोहगावच्या धावपट्टीजवळ ज्यांचं बालपण गेलं, त्यांना विमान ओळखायला मान वर करावी लागत नाही. टिंगरेनगरातल्या आमच्या घरी आई आमटीला फोडणी देता देता सांगायची, "आज जोडीनं गेली." शाळेत बाई वाक्याच्या मधोमध थांबायच्या, आवाज विरेपर्यंत हातात खडू धरून उभ्या राहायच्या आणि त्याच शब्दापासून पुढे शिकवायला लागायच्या. आजी लोहगावचं नाव निघालं की हात जोडायची, कारण ते तुकोबांचं आजोळ. मीही त्याच दिशेला बघायचे, पण आकाशात.

१९८७ साली लोहगावला मिग-२९ आली आणि आमच्या कानांना नवा आवाज मिळाला. दोन इंजिनांचा, जाडसर, खिडकीच्या तावदानांना हात लावून जाणारा. हवाई दलानं त्यांना 'बाज' असं नाव दिलं होतं. २८ आणि ४७ क्रमांकांच्या स्क्वाड्रन ही विमानं घेऊन इथे होत्या. यातली २८ क्रमांकाची म्हणजे मोठ्या घराण्यातली. देशातली पहिली मिग-२१ विमानं १९६३ मध्ये तिलाच मिळाली होती, आणि १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर तिच्याच वैमानिकांनी रॉकेटं डागली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. हे मला कळलं ते रद्दीच्या दुकानात मिळालेल्या मासिकांमधून. त्या दुकानात 'सोव्हिएत देश'चे गुळगुळीत अंकही असत, त्यांतली विमानांची चित्रं मी कापून वहीत चिकटवायचे. वेग, पल्ला, इंजिनाची ताकद, पंखांची लांबी, सगळं पाठ होतं. फोटो मात्र एकही नाही. लष्करी धावपट्टी, फोटोला मनाई. त्यामुळे आमच्या पिढीतल्या लोहगावकर विमानवेड्यांकडे वह्या आहेत आणि कान आहेत.

शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले एक सार्जंट काका राहायचे. एअरफ्रेम फिटर. माझी वही त्यांनी एकदा शांतपणे शेवटपर्यंत चाळली आणि विचारलं, "यात माणूस कुठाय?" मग त्यांनी मला फॉर्म ७०० समजावून सांगितला. प्रत्येक विमानाची अशी एक नोंदवही असते. शेवटचं उड्डाण कधी झालं, कोणता भाग बदलला, इंधन किती भरलं, टायर कुणी तपासले, ऑक्सिजन कुणी बघितला, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याची सही असते. वैमानिक विमानाकडे जाण्याआधी ती वही वाचतो, मग विमानाभोवती फिरून स्वतः पाहतो आणि सही करतो. त्या क्षणापासून विमान त्याचं. उतरल्यावर काही बिघाड जाणवला असेल तर तोच लिहितो आणि विमान पुन्हा जमिनीवरच्या माणसांच्या हवाली करतो. काका सांगायचे, वैमानिकाला आसनात बांधून, आसनाच्या पिना काढून, लाल पट्ट्या मोजून हातात घेतल्या की आम्ही मागे सरायचो. पण तो परत येईपर्यंत चहा गोड लागायचा नाही.

त्या दिवशी माझ्या वहीला नवा रकाना मिळाला. विमानाच्या आकड्यांपुढे मी माणसांची नावं लिहायला लागले. पुढे पेपरात अपघाताची बातमी आली की मी आधी हेच बघायचे, की चौकशीत कुणाकुणाच्या सह्या तपासल्या जातील.

पुढची काही वर्षं लोहगावची ऐन बहराची होती. जून १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० इथेच दाखल झाली. सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय, म्हणजे हव्या त्या दिशेला झोत वळवणाऱ्या इंजिनांची, तीही इथेच. पण माझ्या लेखी या धावपट्टीचा सगळ्यात मोठा दिवस ८ जून २००६ चा. त्या दिवशी राष्ट्रपती अब्दुल कलाम लोहगावहून सुखोईतून उडाले. तरुणपणी ते हवाई दलाच्या निवडीसाठी देहरादूनला गेले होते. पंचवीस जणांत ते नववे आले आणि जागा होत्या आठ. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वैमानिकाचा गणवेश घालून, ते आमच्या घरावरून गेले. नाकारलं गेल्यानंतर पन्नास वर्षं विमानावरचं प्रेम तसंच ठेवणं, त्याला कडवटपणाचा वासही लागू न देणं, हे मला त्यांच्या क्षेपणास्त्रांपेक्षा मोठं वाटतं. तीन वर्षांनी, २५ नोव्हेंबर २००९ ला, जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती म्हणून इथूनच सुखोईत बसल्या. त्यांचंही वय चौऱ्याहत्तरच. आई गच्चीवर उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "साडी नेसून कशा बसल्या असतील गं?" प्रतिभाताईंनीही वैमानिकाचाच गणवेश घातला होता, हे तिला संध्याकाळी टीव्हीवर दिसलं आणि तिचं तिलाच फार बरं वाटलं. मुलींना लढाऊ विमान चालवायला मिळण्यासाठी अजून सात वर्षं जायची होती. मी शाळेत असताना हा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. म्हणून ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून पहिल्या सतरा मुली संचलन करत बाहेर पडल्या, तो कार्यक्रम मी टीव्हीसमोर उभी राहून पाहिला.

या बहराच्या मधोमध सप्टेंबर २००१ आहे. सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ सह गेले. उड्डाण होऊन काही क्षणच झाले होते. चौकशीनं ठपका वैमानिकावर ठेवला. त्यांची आई, कविता गाडगीळ, यांनी तो मान्य केला नाही. वडील स्वतः हवाई दलातले वैमानिक, त्यामुळे या घराला विमान समजत होतं. त्या बाईंनी पत्रं लिहिली, कागद मागितले, सभांमधून बोलल्या, अभिजितच्या नावानं हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली आणि मिग-२१ च्या अपघातांचा प्रश्न देशासमोर ठेवला. हवाई दलावर प्रेम करणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांना तेव्हा ते रुचत नव्हतं. आपल्या दलाबद्दल जाहीर बोलावं का, असा सूर असायचा. मला मात्र सार्जंट काकांची वही आठवत होती. वहीत शेवटची सही वैमानिकाची असते. त्यामुळे बोट तिथे ठेवणं सगळ्यात सोपं. वरच्या ओळी मागे मागे वाचत जायला वेळ लागतो, आणि काही ओळी तर त्या वहीत नसतातच.

अशी एक ओळ आहे १९८२ ची. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीनं त्या वर्षी सांगितलं होतं, की नवख्या वैमानिकांसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. कारण उघड होतं. किरणसारख्या सौम्य, मंद विमानावरून पोरं मिग-२१ वर जात होती, जे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगानं धावपट्टीवर टेकतं, ज्याचे पंख इवलेसे आणि इंजिन एकच. मधली पायरीच नव्हती. ती पायरी म्हणजे हॉक विमानं. त्यांच्या खरेदीचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि ती बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. शिफारशीपासून करारापर्यंत बावीस वर्षं. या काळात किती फायली कुठे थांबल्या, त्यांवर कुणी सह्या केल्या नाहीत, हे कुठल्याही अपघाताच्या अहवालात येत नाही. मी याला वैमानिकाची चूक म्हणायला तयार नाही, कधीच नव्हते.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले: घेतलेली मिग विमानं ८७२, अपघात ४८२, मृत्यू पावलेले वैमानिक १७१ आणि नागरिक ३९. त्या आकड्यांच्या आधीपासूनच मिग-२१ ला 'उडती शवपेटी' म्हणायची पद्धत पडली होती. रविवारी सकाळी विमाननगरात आमचा विमानवेड्यांचा कंपू चहाला जमतो, तिथे हा शब्द कुणी उच्चारला की मी बोलल्याशिवाय राहत नाही. हे नाव दिलं की सगळा दोष धातूवर जातो आणि माणसं सुटतात. ओझरच्या एचएएलमध्ये ज्यांनी ही विमानं जोडली, ज्यांनी ती हिवाळ्यातल्या पहाटे उघडून पुन्हा बंद केली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ती उडवून देशाची हवाई सीमा राखली, त्यांच्या कामावरही ते नाव काळं फासतं. विमान जुनं होतं, कठोर होतं, नवख्याला माफ करत नव्हतं, हे सगळं खरं. त्याच्या जागी दुसरं वेळेवर आलं नाही, हे जास्त खरं. कंपूतली तरुण मुलं माझ्याशी वाद घालतात. कोणतं विमान सरस, कुणाचं रडार लांबचं बघतं, यावर ती तासभर बोलू शकतात. मला त्यांचं कौतुकच आहे, पण चहा संपता संपता मी देखभालीवर येते.

पुण्याच्या आसपास सुखोई दोनदा पडलं. डिसेंबर २०११ मध्ये वाडेबोल्हाईजवळ आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये थेऊरकडे उसाच्या रानात. दोन्ही वेळा वैमानिक वाचले. थेऊरच्या वेळी उतरायच्या बेतात असताना आसनं आपोआप सुटली, असं वैमानिकांनी सांगितल्याच्या बातम्या होत्या, आणि तपासणीसाठी देशातली सगळी सुखोई काही आठवडे जमिनीवर ठेवली गेली. लोहगावचं आकाश तेवढे दिवस मुकं होतं. पोखरणजवळ एप्रिल २००९ मध्ये पडलेलं सुखोईही लोहगावचंच. त्यात विंग कमांडर नारा गेले. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात द्राक्षांच्या पट्ट्यात २०१८ आणि २०२४ मध्ये सुखोई पडली, तिथेही वैमानिक सुखरूप. अशा प्रत्येक जागी पहिले पोचतात ते शेतकरी. छत्रीच्या दोऱ्यांत गुंतलेल्या माणसाला पाणी देतात, बाज आणतात, गर्दीला मागे लोटतात. जळलेल्या उसाचं, मोडलेल्या मांडवाचं मोजमाप नंतर. विमानांच्या इतिहासात या लोकांना एक पान मिळायला हवं.

घोरपडीला, दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात, कारगिलच्या लढाईत वापरलेलं मिग-२३ बीएन ठेवलंय. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक १९९८ च्या स्वातंत्र्यदिनी खुलं झालं. मागेपुढे सरकणारे पंख असलेलं हे विमान २००९ मध्ये सेवेतून गेलं. शाळांच्या सहली येतात, पोरं त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. मी भाच्यांना नेलं, तेव्हा त्यांना विमानाच्या पोटाकडची झाकणं दाखवली. प्रत्येक झाकण उघडून आत हात घालणारा एक माणूस होता, हे सांगितलं. थोरल्यानं विचारलं, त्याचं नाव कुठे लिहिलंय? मी म्हटलं, विमानाबरोबरची वही कुठेतरी जपली असेल तर तीत.

मिग-२१ चा निरोप २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला झाला. बासष्ट वर्षांची सेवा. त्या निरोपानंतर हवाई दलाकडे २९ लढाऊ स्क्वाड्रन उरल्या, मंजूर संख्या ४२ आहे. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं आणि आमच्या कंपूनं पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल गेले. संध्याकाळ व्हायच्या आत टीव्हीवर निकाल लागायला सुरुवात झाली होती, वैमानिकाचाही आणि विमानाचाही. कंपूतल्या सगळ्यात लहान मुलानं मला फोन करून विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" मी सांगितलं, चौकशी होऊ दे, आणि तिचा निष्कर्ष, गुप्त ठेवायचं ते ठेवून, लोकांसमोर यावा एवढं आपण मागू. प्रवासी विमानांच्या अपघातांचे अहवाल छापले जातात. लष्करी विमानाच्या अपघाताचं कारण किमान त्या घराला तरी सरळ, लेखी, वेळेवर कळावं. कविता गाडगीळांना ते झगडून मिळवावं लागलं, पुढच्या आईला लागू नये.

दरम्यान आपल्या हातातलं एक काम आहे आणि ते लोहगावच्या कुंपणाबाहेरचं आहे. एका इंजिनाच्या विमानात घार शिरली तर दुसरी संधी मिळत नाही. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला नियमांनी बंदी आहे, कारण त्यावरच घारी जमतात. धानोरी, कळवड, वडगाव शेरी, विमाननगर, सगळंच त्या वर्तुळात येतं. म्हणून हल्ली आमचा कंपू चहानंतर फिरायला निघतो. उघडे ढीग, मटणाच्या दुकानांमागचे कोपरे, ओढ्याकडेच्या जागा टिपून घेतो आणि लेखी अर्ज देतो. पाठपुरावा सार्जंट काका करतात. वय झालंय, पण फोनवर आवाज अजून परेडचा आहे. दुकानदारांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. बहुतेकांना नियम माहीत नसतो. समजावलं की झाकणाची पिंपं घेतात, काही जण मुलाला विमानतळ दाखवाल का म्हणून विचारतात. वाघोली रस्त्याच्या बाजूची यादी अजून व्हायची आहे. ती त्या लहान मुलाला दिलीय. त्याच्याकडे स्कूटर आहे, आणि आता स्वतःची वहीही.