रात्रीचा डॉक्टर

आमची हयात विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यांत गेली. त्यामुळें घाटकोपरांतील एका लहानशा धर्मादाय रुग्णालयाच्या चालकांनीं अतिदक्षता विभागाकरितां रात्रपाळीचा तज्ज्ञ डॉक्टर निवडावयाच्या समितीवर आम्हांला बोलाविलें, तेव्हां परीक्षकाची ती खुर्ची आम्हांला परिचित वाटली. परंतु त्या दिवशीं परीक्षा झाली ती आमचीच!

जाहिरात दोनदां देऊन उमेदवार एकच आल्या. बोरिवलीच्या एक पस्तिशीच्या डॉक्टरबाई. आम्ही त्यांच्या पदव्या चाळीत होतों, तोंच त्यांनींच विचारलें, "रात्रीं खाटा किती आणि परिचारिका किती?"

"आठ खाटा, दोन परिचारिका," चिटणीस म्हणाले.

"कृत्रिम श्वासोच्छ्वासावरच्या रोग्यापाशीं एकीनें सतत हवें. असे दोन रोगी असले, तर उरलेल्या सहांकडे कोणी पाहावयाचें? आणि मी एकाच्या छातीवर दाब देत असतां दुसऱ्याचा रक्तदाब उतरला, तर हांक कोणाला मारूं?"

कोणी बोलेना. तेव्हां पैशांची ओढाताण ठाऊक असल्यामुळें आम्हींच शहाणपण दाखविलें : "रात्रीं एखादा कनिष्ठ डॉक्टर ठेवून तज्ज्ञांचा सल्ला फोनवर घेतला, तर नाहीं का भागणार?"

वाक्य तोंडांतून सुटलें आणि आमचे आम्हीच चपापलों. आमच्या थोरल्या बंधूंची अखेरची रात्र मुलुंडच्या एका शुश्रूषागृहांत अशाच व्यवस्थेवर गेली होती. तज्ज्ञ फोनवर होते. ते येऊन पोंचले तेव्हां उजाडलें होतें. त्या व्यवस्थेला आम्हीं वर्षानुवर्षें मनांतून दोष दिला, आणि आज स्वस्त पडते म्हणून तीच सुचवीत होतों.

बाईंनीं शांतपणें उत्तर दिलें, "सर, फोनवर आंकडे कळतात, रोगी दिसत नाहीं."

वस्तुतः हें शास्त्र जागरणांतूनच जन्मलें. १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांना वांचविण्यासाठीं ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें श्वासनलिकेंत नळी घालून हातानें हवेची पिशवी दाबण्याचा उपाय योजिला. वैद्यकाचे शेंकडों विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस उशाशीं बसून ती पिशवी दाबीत राहिले. पुढें यंत्रें आलीं. आपल्याकडेहि या विषयाच्या डॉक्टरांची अखिल भारतीय संस्था १९९३ सालीं मुंबईंतच निघाली. परंतु यंत्राची घंटा ऐकून धांवणारें माणूस अद्याप यंत्रानें दिलेलें नाहीं.

आम्हीं अहवालांत लिहिलें : रात्रीचें वेतन दिवसाहून कमी नसावें, तिसरी परिचारिका व एक साहाय्यक डॉक्टर नेमावा, तोंपर्यंत अत्यवस्थ रोगी घेऊं नयेत. चालकांचा निर्णय व्हावयाचा आहे, आणि बाईंनीं तोंवर होकार देण्याचें नाकारलें आहे. त्यांचें बरोबर आहे.

सध्यां झोंप मोडली कीं आम्ही घड्याळ पाहतों. शेवटची लोकल गेलेली असते, पहिलीला अवकाश असतो. आणि त्या विभागांत कोण जागें आहे व कोण नाहीं, हें आतां आम्हांला ठाऊक असतें.