तंजावरमधला एक दिवस

बडोदेकरांना तंजावर परके नाही. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. १८८० साली त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी आणि वादकही बडोद्याला आले.

तंजावरला बृहदीश्वराचे दर्शन सकाळीच घ्यावे. फरशी तापली की अनवाणी चालवत नाही. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराचे शिखर बघता बघता मान अवघडते. आम्ही जास्त रेंगाळलो ते मात्र आवाराच्या भिंतीपाशी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिथे भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला आहे, तोही मराठीत! आमची लेक घरी मराठी बोलते, पण वाचायचा कंटाळा. इथे मात्र ती एकेक अक्षर लावत बसली.

दुपारी मंदिर बंद असते, म्हणून राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. इथल्या संग्रहात मोडीतले कागदही आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी स्थापलेले हे राज्य इंग्रजांनी १८५५ साली खालसा केले. तरी काही घरांत तंजावरी मराठी अजून बोलतात. लिहिणे-वाचणे मात्र बहुतेक तमिळमध्ये. आपल्याकडे गुजराती आणि इंग्रजी, एवढाच फरक. वाचणे सुटले, तर भिंतीवरची अक्षरे नुसती नक्षी होतील.

मुलांनो, तंजावरला गेलात तर तो लेख विचारून शोधा आणि निदान चार ओळी मोठ्याने वाचून या.